पाहणें आणि जोडणें

तांदूळ निवडण्याचें काम आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे. ताटांत काळा खडा असला तर तो शोधावा लागत नाहीं. दृष्टि पडतांच तो आपण होऊन पुढें येतो. दाण्याएवढा पांढरा खडा मात्र दाणे बोटानें सारल्यावांचून सांपडत नाहीं. आणि तोच वडील मंडळींच्या दांताखालीं आला म्हणजे निवडणारीच्या निष्काळजीपणावर खापर फुटतें! हा न्याय कितपत योग्य, याचा विचार आम्हांस येथें करावयाचा आहे.

इंग्लंडांत जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञ ॲन ट्रीसमन यांनीं १९८० सालीं गॅरी गेलाड यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचें म्हणणें असें कीं, रंग, आकृति, रेघेचा कल हे गुण डोळ्यांपुढें येतांच निरनिराळे टिपले जातात. परंतु दोन गुण एकाच वस्तूचे आहेत हें ठरविण्यास तेथें लक्ष लावावें लागतें. भगिनींनीं हा प्रयोग घरीं अवश्य करावा. परडींत तांबडे वाटोळे व पिवळे लांबट मणी मिसळून त्यांत एकच निळा मणी टाकावा. तो चटकन दिसेल. त्याऐवजीं एकच तांबडा लांबट मणी टाकला, तर मणी जितके अधिक तितका वेळ अधिक लागेल.

लक्ष दुसरीकडे गुंतलें कीं ही जोडणी चुकते. १९८२ सालीं ट्रीसमन व हिलरी श्मिट यांनीं दोहों बाजूंस आंकडे ठेवून मध्यें रंगीत अक्षरें क्षणमात्र दाखविलीं व आधीं आंकडे सांगावयास लावलें. पाहणारांनीं कित्येकदां एका अक्षराचा रंग दुसऱ्यास चिकटविला. रंग खरे, अक्षरें खरीं, जोडी मात्र खोटी!

पांढऱ्या खड्याची गोष्ट याहून थोडी निराळी. शोधावयाची वस्तु भोंवतालच्या वस्तूंसारखी जितकी अधिक, तितका शोध मंदावतो, असें जॉन डंकन व ग्लिन हम्फ्रीज यांनीं १९८९ सालीं मांडलें. तेव्हां निवडणारीस उजेड व घटकाभर स्वस्थता द्यावी. हांकांवर हांका मारून वर दोष देणें हा अन्याय होय.

हाच विचार मुलांच्या अभ्यासासही लागू करावा, असें आम्हांस वाटतें. बाळानें ‘घर’ च्या जागीं ‘धर’ वाचलें तर कान पिळण्याचें कारण नाहीं. दोन्ही अक्षरें शेजारीं मोठीं काढून द्यावीं, आणि ‘घ’ ची शिरोरेघ अखंड, ‘ध’ ची तुटलेली, हा भेद बोटानें दाखवावा. “नीट पाहा” एवढें म्हणून भागत नाहीं; काय पाहावयाचें, हें वडिलांनींच सांगितलें पाहिजे.