अक्षता पडताना चित्र का अडखळते?

लग्नाला महिना उलटतो आणि फोटोग्राफर हार्ड डिस्क आणून देतो. आत चार-पाच तासांचे चित्रण, तेही ४के दर्जाचे. हार्ड डिस्क आतल्या खोलीतल्या संगणकाला जोडली जाते, हॉलमधला नवा टीव्ही घरच्या वाय-फायवरून तो संगणक शोधून काढतो आणि आजी-आजोबांसह सगळे घर पडद्यासमोर बसते. मुहूर्तमेढ, हळद, सीमांतपूजन सगळे छान दिसते. मंगलाष्टके संपत येतात, चारी बाजूंनी अक्षता उडतात आणि नेमके त्याच क्षणी चित्र थबकते, आवाज तुटतो. पडद्यावर गोल चकती फिरू लागते.

मग घरात उपायांवर चर्चा होते. इंटरनेटचा मोठा प्लॅन घ्या, राउटर बदला, टीव्हीच खराब निघाला. यात काही हजार रुपये सहज जातात आणि अक्षता पडताना चित्र पुन्हा अडखळते. यातला पहिला उपाय तर इथे निरुपयोगीच आहे, कारण हा व्हिडिओ इंटरनेटवरून येतच नाही. तो आतल्या खोलीतून राउटरकडे आणि राउटरकडून टीव्हीकडे, असा घरातल्या घरात प्रवास करतो. बाहेरून येणारी इंटरनेटची तार काढून ठेवली, तरी या वाटेच्या वेगात फरक पडत नाही. मोबाइलवरची ‘स्पीड टेस्ट’ मोजते ती प्रामुख्याने बाहेरच्या जगाशी असलेली जोडणी. दोष मात्र घरातल्या वाटेत असू शकतो.

एवढी माहिती येते कुठून?

नेटफ्लिक्सवर ४के चित्रपट पाहण्यासाठी सेकंदाला १५ मेगाबिट वेग पुरेसा असतो, असे ती कंपनी सांगते. मग घरचाच व्हिडिओ का अडतो? कारण दोन्ही ४के असले, तरी त्यांतल्या माहितीचा ओघ सारखा नसतो. नेटफ्लिक्सकडे प्रत्येक चित्रपट आधीच, सावकाश आणि ताकदवान संगणकांवर आक्रसून ठेवलेला असतो. कॅमेऱ्याला हे काम चित्रण चालू असतानाच उरकावे लागते, शिवाय संकलनासाठी बारीकसारीक तपशीलही राखावे लागतात. त्यामुळे अनेक कॅमेरे ४के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट या दराने नोंदवतात. या दराने एका तासाचे चित्रण ४५ जीबी भरते.

हा दर प्रत्येक क्षणी सारखा असेलच असे नाही. व्हिडिओ आक्रसताना प्रत्येक चित्र संपूर्ण साठवत नाहीत, मागच्या चित्रापेक्षा काय बदलले तेवढेच मुख्यतः नोंदवतात. वधू-वर पाटावर शांत बसले असतील आणि मागचा पडदा स्थिर असेल, तर नोंदवायला फारसे काही नसते. अक्षता उडाल्या की शेकडो दाणे शेकडो दिशांना जातात आणि बदलाची नोंद एकदम फुगते. पाऊस, समुद्राच्या लाटा, मिरवणुकीतला गुलाल यांचेही तसेच. म्हणून संकलन केलेल्या फाइलचा सरासरी दर ६० मेगाबिट असला, तरी अशा प्रसंगी तो १०० च्या वर उसळी घेऊ शकतो. चित्र अडते ते या उसळीला.

टीव्ही किंवा प्लेअर थोडी माहिती आधीच भरून ठेवतो, त्याला बफर म्हणतात. गच्चीवरच्या टाकीसारखे हे काम आहे. खालून येणारे पाणी नळातून जाणाऱ्या पाण्यापेक्षा कमी असेल, तर टाकी काही वेळ साथ देते, मग रिकामी होते. समजा बफर २० मेगाबाइटचा, म्हणजे १६० मेगाबिटचा आहे. व्हिडिओला सेकंदाला १०० मेगाबिट हवे आहेत आणि येतात ९०. दर सेकंदाला १० ची तूट पडते आणि १६ सेकंदांत टाकी कोरडी. ‘सुरुवातीला छान चालते, मग अडकते’ या तक्रारीमागचे गणित हे असे आहे.

वाट कुठे अरुंद होते?

हार्ड डिस्क सहसा दोषी नसते. साधी डिस्कही सेकंदाला १०० मेगाबाइट, म्हणजे ८०० मेगाबिट वाचू शकते. पहिला संशय वाय-फायवर घ्यावा. एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. संगणक आणि टीव्ही दोन्ही एकाच वाय-फायवर असतील, तर तीच माहिती हवेतून दोनदा जाते. एकदा संगणकाकडून राउटरकडे, दुसऱ्यांदा राउटरकडून टीव्हीकडे. उपलब्ध वेग जवळपास निम्मा होतो. त्यातून २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. इमारतीतले वीस-पंचवीस राउटर तेच वाटून घेतात आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आणि वेगवान असतो, पण भिंती आणि लोखंडी कपाटे ओलांडताना त्याचा जोर लवकर ओसरतो.

मग तार ओढावी, हे ओघाने आले. मात्र इथेच बरेच जण फसतात. अनेक टीव्हींचे, अगदी महागड्या टीव्हींचेही, लॅन पोर्ट सेकंदाला १०० मेगाबिटचेच असते. त्यातून प्रत्यक्षात ९४-९५ मेगाबिटच पदरात पडतात. ऑनलाइन चित्रपटांना ते पुरून उरतात, १०० मेगाबिटच्या लग्नाला मात्र पुरत नाहीत. राउटर त्याच खोलीत असेल, तर अशा टीव्हीला तारेपेक्षा ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय जास्त वेग देऊ शकते.

केबलही दगा देते. तिच्यात आठ तारा असतात. १०० मेगाबिटला चार पुरतात, १००० मेगाबिटला आठही लागतात. टोकाशी एखादी तार तुटली, तर जोडणी बंद न पडता गुपचूप १०० वर उतरू शकते. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ पाहिली, की हे लगेच कळते.

खर्चाआधी चाचणी

सर्वांत उपयोगी चाचणीला पैसा लागत नाही. अडखळणारी फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन तो थेट टीव्हीला लावावा. फॅट३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, त्यासाठी तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा लागतो. फॉरमॅट करताना आतले सगळे पुसले जाते, हे आधी लक्षात घ्यावे. मग अक्षतांचा प्रसंग लावून पाहावा.

चित्र सुरळीत चालले, तर बहुधा दोष घरच्या नेटवर्कचा. तेव्हा एका वेळी एकच बदल करावा. प्रथम संगणक राउटरला केबलने जोडावा, म्हणजे हवेतला एक टप्पा कमी होतो. नंतर टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर घ्यावा. शेवटी केबल बदलून पाहावी. प्रत्येक बदलानंतर तोच प्रसंग पुन्हा लावावा, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही.

पेन ड्राइव्हवरूनही चित्र अडखळले, तर नेटवर्कला हात लावू नये. आवाज सलग आणि चित्र मात्र धक्के खात असेल, तर टीव्हीतली चिप त्या प्रकारचा व्हिडिओ वेळेत उलगडू शकत नसण्याची शक्यता मोठी. कॅमेरा संथपणे फिरताना ठरावीक लयीत हिसके दिसत असतील, तर कारण आणखी वेगळे. सेकंदाला २४ किंवा २५ चित्रांचा व्हिडिओ सेकंदाला ६० वेळा ताजा होणाऱ्या पडद्यावर समान वाटला जात नाही. टीव्हीच्या किंवा प्लेअरच्या सेटिंगमध्ये चित्रांचा वेग जुळवण्याची सोय असेल, तर ती सुरू करावी.

कशानेच जमले नाही, तर व्हिडिओची हलकी प्रत काढता येते. हँडब्रेकसारखी मोफत सॉफ्टवेअर एच.२६५ पद्धतीने सेकंदाला २५-३० मेगाबिटची प्रत बनवतात आणि हॉलमधल्या पडद्यावर फरक सहसा जाणवत नाही. संगणकाला यासाठी कित्येक तास लागू शकतात, तेव्हा काम रात्री लावून द्यावे. मूळ फाइल मात्र पुसू नये. आजचा टीव्ही काही वर्षांत बदलेल, तेव्हा हेच चित्रण पूर्ण तपशिलासह पाहता येईल. हलक्या प्रतीतून गेलेला तपशील परत मिळत नाही आणि अक्षता काही पुन्हा पडणार नाहीत.