निरोप तयार, पण वाचायचा केव्हा?

नवरात्रात पुण्यातल्या घराघरांत घटाभोवती पेरलेले धान्य अंधाऱ्या देवघरात पिवळेच वाढते. हरितद्रव्य तयार होण्याची शेवटाकडची एक पायरी प्रकाशावाचून पुरी होत नाही, हे आपण वर्गात सांगतोच. पण पान हिरवे झाल्यावरही प्रकाशाचे काम संपत नाही.

हरितलवकातले डी-१ हे प्रथिन प्रकाशसंश्लेषणात पाण्याच्या विघटनासाठी अत्यावश्यक असते, आणि नेमके तेच उन्हाने सतत मोडते. ते बदलले नाही तर सारे कामच ठप्प. गंमत अशी, की ते बनवण्याचा निरोप, म्हणजे संदेशवाहक आरएनए, रात्रीही हरितलवकात हजर असतो. तो फारसा वाचला जात नाही, एवढेच. आरएनएच्या सुरुवातीच्या भागाला ठरावीक प्रथिने चिकटली, की रायबोसोम वाचन सुरू करतात.

क्लॅमिडोमोनास या एकपेशीय शेवाळात अशी प्रथिने प्रकाशात अधिक चिकटतात, असे डॅनन आणि मेफिल्ड यांना १९९१ साली आढळले. प्रकाशसंश्लेषणातले इलेक्ट्रॉनच त्यांना जागे करतात, असे १९९४ च्या त्यांच्या प्रयोगांनी सुचवले. मक्यासारख्या वनस्पतींत मात्र एचसीएफ१७३ हे वेगळेच प्रथिन या आरएनएला धरते. तिथे तर, अलीकडच्या प्रयोगांवरून दिसते, की उन्हाने मोडलेला डी-१च नव्या डी-१ची मागणी नोंदवतो.