व्यावसायिक समाजमाध्यमांवरील नव्या नोकरीची घोषणा : प्रयोजन व दक्षता

प्रस्तावना :
नोकरी लागल्याचे वर्तमान पूर्वी पेढ्यांसोबत घरोघरी पोहोचत असे. आज ते लिंक्डइनसारख्या व्यावसायिक समाजमाध्यमावरून एकाच वेळी शेकडो परिचितांपर्यंत जाते. २००३ मध्ये सुरू झालेले हे माध्यम २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतले. प्रस्तुत लेखात अशा घोषणेचे प्रयोजन, तिची योग्य वेळ व तीतील धोके यांचे विवेचन केले आहे.

प्रयोजन :
अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये ‘दुर्बल संबंधांचे सामर्थ्य’ ही संकल्पना मांडली. निकटच्या माणसांजवळ बहुधा आपल्याला ठाऊक असलेलीच माहिती असते. नवी माहिती दूरच्या परिचितांकडून येते, असे तिचे सार आहे. लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवरील प्रयोगांचे विश्लेषण २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानुसार नोकरी बदलण्यास अगदी दूरचे नव्हे, तर मध्यम दुर्बल संबंध सर्वाधिक साहाय्यभूत ठरतात. घोषणेच्या निमित्ताने अशाच परिचितांशी पुन्हा संपर्क होतो.

योग्य वेळ :
नियुक्तीपत्र मिळणे व प्रत्यक्ष रुजू होणे यांत अंतर असते. या काळात नोटिशीची मुदत, कार्यमुक्तीचे पत्र व कागदपत्रांची पडताळणी या बाबी शिल्लक असतात. क्वचित प्रसंगी नवी संस्था देऊ केलेली नोकरी मागेही घेते. घोषणा आधीच झालेली असल्यास उमेदवाराची दोन्हीकडून कोंडी होते. म्हणून रुजू झाल्यानंतरच घोषणा करणे श्रेयस्कर होय. माहितीपत्रकात पद बदलताच परिचितांना आपोआप सूचना जाऊ शकते. ती सोय तोपर्यंत बंद ठेवावी.

दक्षता :
नवागतास कार्यालयाची रीत व वरिष्ठांची भाषा परिचित नसते. याचा लाभ घेऊन भामटे संस्थाप्रमुखाच्या नावाने संदेश पाठवतात व तातडीने गिफ्ट कार्ड खरेदी करण्यास सांगतात. असा संदेश आल्यास कार्यालयात प्रत्यक्ष विचारून खात्री करावी. नियुक्तीपत्र, ओळखपत्र व वेतन यांचे प्रदर्शन टाळावे. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर त्वरित तक्रार नोंदवावी.

समारोप :
घोषणा वाचणाऱ्यांत नोकरीच्या शोधात असलेले पदवीधरही असतात. केवळ पदाचा उल्लेख त्यांच्या उपयोगी पडत नाही. जागेची माहिती कशी मिळाली, कोणते कौशल्य निर्णायक ठरले व कोणाचे साहाय्य झाले, हे थोडक्यात नमूद केल्यास तीच घोषणा त्यांना मार्गदर्शक ठरू शकते.