बिननेमणुकीचे जागले

परवां आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं रात्रींचीं जेवणें आटोपल्यावर मंडळी ओटीवर बसली असतां एक वाद निघाला. त्यांचा पुतण्या संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षास आहे. त्यानें सांगितलें कीं, कॉलेजांतील पांचसात मित्र मिळून एक मंडळ काढण्याचा त्यांचा विचार चालला आहे. इंटरनेटवर तरुणांचीं माथीं भडकवून त्यांस हिंसेच्या मार्गास लावणारे जे लोक आहेत, त्यांचीं खातीं फोडावयाचीं, संकेतस्थळें बंद पाडावयाचीं आणि त्यांचीं नांवें चव्हाट्यावर आणावयाचीं, हें मंडळाचें कार्य. आजोबांनीं चष्मा काढून विचारलें, “काम पुण्याचें दिसतें, पण बाळ, तुम्हांस ह्या कामावर नेमलें कोणीं?” पुतण्या हंसून म्हणाला, “आजोबा, घराला आग लागली असतां पाणी घेऊन धांवणारास नेमणूक लागते का?” हें उत्तर मंडळींस पसंत पडलें. इतक्यांत आंतून पानाचें तबक घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या, “आग विझवण्याच्या घाईंत ज्याचें घर पेटलेंच नव्हतें त्याची भिंत पाडलीत, तर दुसऱ्या दिवशीं त्याच्या दारांत उभे राहायला जाल का?” ह्यावर मात्र कोणासच कांहीं बोलतां येईना. काकूंचा तो प्रश्न तेव्हांपासून आमच्या मनांत घोळत आहे, म्हणून तो आज वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रश्न केवळ परदेशचा नाहीं. १९१४ सालच्या महायुद्धाच्या वेळीं प्रचार वर्तमानपत्रांतून होई. आतां तो प्रत्येकाच्या खिशांत शिरला आहे. २०१४ सालच्या मे महिन्यांत आपल्या कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या एका तुकडीबरोबर बगदादेस गेले आणि तेथून इसिस नांवाच्या अतिरेकी संघटनेकडे वळले. त्यांपैकीं एक त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत परत आला. शिकणारीं, घरांत वावरणारीं मुलें अशीं हातची जातात आणि आईबापांस त्याचा पत्ता लागत नाहीं, हें पाहिल्यावर त्या पुतण्याचा संताप आम्हांस अनाठायीं वाटत नाहीं.

असाच संताप २०१५ सालीं पुष्कळांस आला होता. त्या वर्षीं ७ जानेवारीस पॅरिस येथें ‘शार्ली एब्दो’ ह्या साप्ताहिकाच्या कचेरीवरील हल्ल्यांत १२ माणसें मारलीं गेलीं, आणि १३ नोव्हेंबरच्या रात्रीं त्याच शहरांत झालेल्या हल्ल्यांत १३० बळी पडले. त्यानंतर तीनच दिवसांच्या आंत ‘अनॉनिमस’ म्हणजे ‘अनामिक’ ह्या नांवानें वावरणाऱ्या हॅकर मंडळींनीं इसिसविरुद्ध युद्ध पुकारल्याचें जगास सांगितलें. १६०५ सालीं इंग्लंडांत पार्लमेंट उडवून देण्याच्या कटांत सांपडलेल्या गाय फॉक्सचा मुखवटा हें ह्या लोकांचें चिन्ह. ह्यांच्यांत सभासदांची नोंदवही नाहीं, अध्यक्ष नाहीं, चिटणीस नाहीं. जो हें नांव घेईल तो ह्या मंडळींत सामील. इसिसच्या बाजूचीं वाटणारीं हजारों खातीं त्यांनीं हुडकून त्यांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. ‘घोस्टसेक’ नांवाच्या त्यांच्यांतल्याच एका टोळीनें तर इसिसच्या एका गुप्त संकेतस्थळावरील मजकूर काढून त्या जागीं मनाच्या उदासीनतेवरील औषधाची जाहिरात लावली. हें वाचून हंसू येतें, आणि थोडें समाधानही वाटतें, हें आम्हीही कबूल करतों.

त्यांची बाजू न्यायानें मांडावयास हवी. सरकारी यंत्र सावकाश हालतें, सरहद्दीपाशीं थांबतें. मोठमोठ्या कंपन्या तर आपल्या अंगणांत काय चाललें आहे ह्याकडे पुष्कळ काळ डोळेझांकच करीत होत्या. ट्विटरनें २०१५ च्या मध्यापासून दहशतवादाचा पुरस्कार करणारीं सव्वा लाखाहून अधिक खातीं बंद केल्याचें फेब्रुवारी २०१६ मध्यें जाहीर केलें. म्हणजे तेवढी घाण सांचली होती हें उघडच झालें. अशा वेळीं ज्याच्या अंगीं विद्या आहे त्यानें हात जोडून बसावें काय? शिवाय मुखवटाही सर्वस्वीं भित्रेपणाचा नव्हे. ज्यांच्याशीं गांठ आहे ते लोक गळे कापणारे आहेत. त्यांच्यापासून आपलें घर झांकून ठेवणें हा शहाणपणाच होय.

हें सर्व खरें धरूनही दुसरी बाजू पाहणें प्राप्त आहे. पॅरिसच्या हल्ल्यानंतर ज्या याद्या निघाल्या त्यांविषयीं ट्विटरच्या प्रवक्त्यानें सांगितलें कीं, त्या अत्यंत चुकीच्या असून त्यांत अभ्यासक व पत्रकार यांचाच भरणा आहे. हें असें कां होतें हें समजण्यास फारशी विद्वत्ता नको. अतिरेक्यांवर जो लिहितो, त्यांचा जो अभ्यास करतो, त्याच्या लेखनांत त्यांचेच शब्द वारंवार येणार. कोणी अरबी लिपींत आपल्या कविता लिहीत असेल. यादी करणारास ती भाषा येत नसेल, तर त्यास सगळीं अक्षरें सारखींच.

ह्याहून वाईट गोष्ट २०१४ च्या ऑगस्टांत अमेरिकेंतील फर्ग्युसन येथें घडली. तेथें एका पोलीस शिपायाच्या गोळीनें मायकेल ब्राउन हा तरुण मेला. शिपायाचें नांव अधिकारी सांगेनात, तेव्हां ‘अनॉनिमस’च्या नांवानें चालणाऱ्या एका खात्यानें तें जाहीर करून टाकलें. नांव चुकीचें होतें. तो गृहस्थ त्या पोलीस खात्यांत नोकरीसच नव्हता, असें अधिकाऱ्यांस सांगावें लागलें. पुढील वर्षीं नोव्हेंबरांत कू क्लक्स क्लॅन ह्या वर्णद्वेषी संघटनेचे सभासद म्हणून कांहीं सिनेटरांचीं व महापौरांचीं नांवें झळकलीं. त्या मंडळींनीं आरोप साफ नाकारला, आणि ‘अनॉनिमस’ची ती मोहीम चालविणाऱ्या खात्यानेंही ती यादी आपली नव्हे म्हणून हात झटकले. येथेंच सारी मेख आहे. जें नांव कोणासही घेतां येतें, तें नांव अंगावर येतांच कोणासही टाकतां येतें. सिनेटरास दुसऱ्या दिवशीं पत्रकारांस बोलावून खुलासा करतां येतो. एखाद्या सामान्य गृहस्थानें तो कोठें करावा? आणि केला तरी ज्या लक्षावधि लोकांनीं आरोप वाचला त्यांपैकीं खुलासा किती वाचतात?

कोणी म्हणेल, हा सारा परदेशांतील कारभार. पण खात्री करून न घेतां केलेल्या परोपकाराचें फळ आपल्या महाराष्ट्रानेंही चाखलें आहे. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा गांवीं आठवड्याचा बाजार होता. मुलें पळविणाऱ्या टोळ्यांच्या वार्ता मोबाइलवरून पसरल्या होत्या. भिक्षेकरितां आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच जण जमावास तसे वाटले, आणि ते पांचही जण ठेंचून मारले गेले. त्या जमावापाशीं संगणकविद्या नव्हती, आणि हॅकर कोणास ठेंचीत नाहींत, हें आम्ही जाणतों. दोन्ही कृत्यें एका मापाचीं नव्हेत. परंतु आपण लेंकरांचें रक्षण करीत आहों असेंच त्या जमावांतील अनेकांस वाटत असेल. हेतु चांगला, संशय पक्का, चौकशी शून्य आणि शिक्षा तत्काळ, हा क्रम दोहोंकडे एकच आहे.

आमच्या जुन्या गांवगाड्यांत जागल्या असे. तो रात्रीं गस्त घाली, परक्या माणसास हटकी. परंतु त्यास गांवानें नेमलेला असे, आणि पाटलापुढें त्यास जाब द्यावा लागे. चोरी झाली तर माग काढून देणें हें त्याचें कर्तव्य. माग न लागला तर नुकसानीचा बोजा त्याच्यावर येई. त्याच्या हातांतील काठीला जोर होता तो ह्या जबाबदारीचा. त्यानें तोंडावर फडकें बांधून, नांव न सांगतां दारें फोडण्यास आरंभ केला असता, तर गांवानें त्यास जागल्या म्हटलें नसतें. अनामिक मंडळींचा दोष धाडसाचा नाहीं, विद्येचाही नाहीं. ज्यानें शिक्षा करावयाची त्यास कोणी तरी प्रश्न विचारूं शकला पाहिजे, आणि चूक ठरल्यास ती त्याच्याकडून भरून घेतां आली पाहिजे. ह्या दोन्ही गोष्टी मुखवट्यानें अशक्य होतात. काकूंनीं विचारलें तें हेंच.

ह्या मंडळींपैकीं कांहींस ही अडचण स्वतःच जाणवली असावी. नोव्हेंबर २०१५ मध्येंच एक गट ‘अनॉनिमस’पासून वेगळा झाला, त्यानें मुखवट्याचें चिन्ह टाकलें, आणि मिळालेली माहिती सरकारी अधिकाऱ्यांस पोंचविण्याचा मार्ग धरला. आमच्या मतें सरळ वाट ती हीच. पाहणें, ओळखणें, टिपून ठेवणें आणि जबाबदार माणसाच्या हातीं देणें येथपर्यंत नागरिकाचा अधिकार निःसंशय आहे. अपराधी कोण हें ठरविणें आणि दंड करणें येथून तो संपतो. व्यवहाराची बाजूही हीच आहे. जें खातें पोलीस गुपचूप पाहत असतील तेंच आपण उत्साहानें बंद पाडलें, तर माग आपणच पुसला असें व्हावयाचें.

जबाबदारीचें हें माप सरकारलाही लागूं आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ह्यांतील ६६अ कलमाखालीं नुसत्या त्रासदायक मजकुरासाठींही लोकांस पकडतां येत असे. तें कलम सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं रद्द केलें. सरकार चुकलें तर त्यास न्यायालयांत खेंचतां येतें, येवढा तरी आधार आपणांस आहे. मुखवट्यास कोणत्या न्यायालयांत खेंचावयाचें? त्याच कायद्यानें मालकाच्या परवानगीवांचून दुसऱ्याच्या संगणकांत अप्रामाणिकपणें शिरून केलेल्या कृत्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पांच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितलीं आहेत. ‘आमचा हेतु चांगला होता’ एवढ्यावर सुटका होईल असें तरुणांनीं मानूं नये. तक्रारीसाठीं केंद्र सरकारचें राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे. तेथें दिलेल्या तक्रारीचा पाठपुरावा कंटाळवाणा असतो, हें खरें. पण कंटाळा आला म्हणून न्याय आपल्या हातीं घेतां येत नाहीं.

त्या रात्रीं वाद तसाच राहिला आणि मंडळी झोंपावयास गेली. आठ दिवसांनीं आम्ही पुन्हां गेलों तेव्हां पुतण्यानें सांगितलें कीं, मंडळ निघणार आहे, पण खातीं फोडण्याचा बेत सोडला. दिसेल तें टिपून, दोघांनीं वेगवेगळें तपासून, स्वतःच्या नांवानिशीं कळवावयाचें असें ठरलें आहे. त्यांतल्या एका मित्रानें मात्र अंग काढून घेतलें. नांव द्यावयाचें असेल तर मी नाहीं, असें तो म्हणाला. आजोबा त्यावर एवढेंच बोलले, “मग त्याला आधींच सोडलेंत तें बरें झालें.” काकू कांहीं बोलल्या नाहींत; त्यांनीं पानाचें तबक पुतण्यापुढें प्रथम केलें.