जिथे हरले, तिथेच जिंकले : चंद्रकांत पंडित

भोपाळची ख्याती हॉकीचे शहर म्हणून. क्रिकेटचा मान आपल्या प्रदेशात परंपरेने इंदूरकडे जातो आणि ते योग्यच आहे, कारण सी. के. नायडूंच्या काळात होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला होता. परंतु मध्य प्रदेश या नावावर मात्र तो करंडक 26 जून 2022 पर्यंत कोरला गेला नव्हता. तो कोरला जाण्यामागे एका मराठी गुरूची तपश्चर्या होती. ते गुरू म्हणजे चंद्रकांत पंडित.

1961 मध्ये मुंबईत जन्मलेले पंडित शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या तालमीत घडले. यष्टिरक्षक-फलंदाज म्हणून ते नावारूपास आले. 1986 मध्ये लीड्स येथे त्यांनी कसोटी पदार्पण केले, तेही केवळ फलंदाज म्हणून, कारण यष्टींमागे किरण मोरे होते. 1987 च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात आजारी वेंगसरकरांच्या जागी ते खेळले. 1992 पर्यंत 5 कसोटी व 36 एकदिवसीय सामने एवढीच त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द. संधी मिळे, पण स्थान पक्के होत नसे. मग त्यांनी मध्य प्रदेशाला आपली कर्मभूमी केले.

1998-99 च्या हंगामात त्यांच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेशाने रणजीची अंतिम फेरी गाठली. बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाविरुद्ध पहिल्या डावात 75 धावांची आघाडीही मिळाली. सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक आपलाच होता. परंतु अखेरच्या दिवशी विजय भारद्वाजच्या फिरकीपुढे डाव 150 धावांत आटोपला व 96 धावांनी पराभव झाला. शल्य कायमचे मनात रुतले.

निवृत्तीनंतर पंडित प्रशिक्षक झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने 2003, 2004 व 2016 मध्ये रणजी करंडक जिंकला. जानेवारी 2017 मध्ये इंदूर येथील अंतिम सामन्यात मुंबई गुजरातकडून हरली आणि पंडितांचे पद गेले. ते विदर्भाकडे गेले. ज्या संघाने तोवर कधी अंतिम फेरीही पाहिली नव्हती, त्याने 1 जानेवारी 2018 रोजी त्याच इंदुरात दिल्लीला नमवून करंडक उचलला आणि पुढील वर्षी नागपुरात तो राखलाही.

2020 मध्ये त्यांनी मध्य प्रदेशाची धुरा स्वीकारली. वक्तशीरपणा, कठोर शिस्त आणि सर्वांना एकच नियम, ही त्यांची पद्धत. अशी शिस्त सर्वांनाच रुचते असे नाही. तिच्यावर टीकाही झाली. परंतु कडक विभागप्रमुखाच्या हाताखाली निवासी डॉक्टर म्हणून राबलेल्यांना तिचे मोल सांगायला नको. ऐन कसोटीच्या घटकेस हात थरथरू नयेत, यासाठीच ती असते.

2022 चा अंतिम सामना पुन्हा चिन्नास्वामीवर, आणि समोर साक्षात मुंबई! तिचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार हेही आचरेकर सरांचेच शिष्य. मुंबईच्या 374 धावांना मध्य प्रदेशाने 536 धावांनी उत्तर दिले. यश दुबे, शुभम शर्मा व रजत पाटीदार यांनी शतके झळकावली. या वेळी अखेरच्या दिवशी संघ डगमगला नाही. आदित्य श्रीवास्तवच्या संघाने सहा गडी राखून विजय मिळवला. शिष्यांनी खांद्यावर घेतलेल्या पंडितांचे डोळे पाणावले होते.

पुढे त्यांच्या प्रशिक्षणाखाली कोलकाता नाईट रायडर्सने 2024 मध्ये आयपीएलही जिंकली. तरी त्यांच्या आयुष्याचे मर्म बंगळुरूच्या त्या दोन सामन्यांत आहे. खेळाडूला स्वतःच्या पराभवाची भरपाई स्वतःच्या बॅटने करण्याची संधी क्वचितच मिळते. पंडितांनी ती शिष्यांच्या हातून केली. 1999 च्या त्या पराभवाच्या वेळी त्यांच्यापैकी बहुतेक जण बालवयात होते, काहींचा तर जन्मही झाला नव्हता. आपल्याला जे साधले नाही ते पुढच्या पिढीला साधावे म्हणून आपले सारे ज्ञान ओतणे, हाच गुरुधर्म. शस्त्रक्रियागृहात काय आणि मैदानावर काय, त्याचे स्वरूप एकच. महाराष्ट्रातून येऊन या भूमीला आपले मानणाऱ्या आपणा सर्वांस पंडितांचे हे उदाहरण म्हणूनच विशेष अभिमानास्पद वाटावे.