माती वर न्यायची

सकाळी ६.१५

स्वयंपाकघरातला दिवा मेमेनं लावलेला असतो. मेमे म्हणजे आजी, मालकांची आई, वय ८६. कॉफी ती वाडग्यात देते आणि कालचा कडक झालेला पाव त्यात बुडवून खायचा असतो. चहा-बटरवर वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मालक उभ्यानंच पितात आणि खिडकीतून डोंगराकडे बघत राहतात. रात्री पाऊस झालाय. खाली रुळांवरून मालगाडी चाललीय. लांबलचक आहे, संपता संपत नाही. ती जाईपर्यंत कोणी बोलत नाही.

"भिंत," मालक एवढंच म्हणतात.

ल्योंच्या दक्षिणेला साधारण ३५ किलोमीटरवर, ऱ्होन नदीच्या उजव्या काठी आंप्वी हे गाव आहे. नदी आणि डोंगर यांच्या बेचक्यात बसलेलं. डोंगराच्या या उतारांना कोत-रोती म्हणतात, म्हणजे भाजलेली उतरण. तोंड दक्षिणेला आणि आग्नेयेला, त्यामुळे ऊन खडकात मुरत राहतं. या घराची द्राक्षबाग सव्वातीन हेक्टर, आपल्या हिशेबात आठ एकर, आणि तीसुद्धा डोंगरभर विखुरलेल्या ११ तुकड्यांत. मालक, त्यांची बायको, थोरला मुलगा, मेमे आणि सहा महिन्यांच्या उमेदवारीवर आलेली मी, निफाडकडच्या बागाईतदाराची मुलगी. तोडणीला मजूर येतात. एरवी आम्ही पाचच.

७.००

गाडी वळसा घालून पठारावर जाते आणि तिथून पायी खाली उतरायचं. उतार काही ठिकाणी ६० टक्क्यांच्या पुढे आहे, म्हणजे दहा हात आडवं जाताना सहा हात चढ. इथे ट्रॅक्टर चालतच नाही. नांगर लोखंडी दोरानं, वर ठेवलेल्या यंत्रावर गुंडाळत ओढून घेतात. बाकी सगळं हातानं. हातातली कात्री सुटली तर ती खालच्या टप्प्यावर जाऊन शोधावी लागते, हे मी दोनदा अनुभवलंय.

आमच्याकडे मांडव असतो. इथे प्रत्येक झाडाला लाकडी काठीचा आधार, आणि शेजारशेजारच्या काठ्या वरच्या टोकाला एकमेकींना बांधलेल्या. ज्वारीच्या पेंढ्या टेकवून उभ्या कराव्यात तशा दिसतात. हेक्टरी दहा हजारांच्या आसपास झाडं. तार ताणून ओळी करण्याइतकी सपाटी नाही, म्हणून ही रीत टिकली.

मार्चचा मध्य उलटत आला तरी एका तुकड्याची छाटणी मुद्दाम मागे ठेवलेली आहे. झाड उशिरा छाटलं की डोळे उशिरा फुटतात आणि एप्रिलच्या कडाक्यातून वाचतात. एक काडी सहा डोळ्यांची ठेवायची, शेजारी दोन डोळ्यांचा खुंट. काडी यंदाचे घड देणार, खुंट पुढच्या वर्षीची काडी देणार. पहिल्या आठवड्यात मी घाईघाईत खुंटच उडवला होता. मालकांनी कापलेला तुकडा उचलून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "हे पुढचं वर्ष." ओरडले असते तर बरं झालं असतं.

कापलेल्या टोकाला पाण्याचा थेंब जमतो, फुगतो, गळतो, पुन्हा जमतो. इथे याला झाडाचे अश्रू म्हणतात. आमचे अप्पा म्हणतील, मुळी चालू झाली. नाशिककडच्या झाडाला मुळात झोपच नाही. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, वर डोळ्यांना पेस्ट लावून जागं करायचं. इथलं झाड नोव्हेंबरपासून आपलं आपण झोपतं. मला त्याचा थोडा हेवा वाटतो.

९.३०

न्याहारी. पाव, सॉसेज, चीज, आणि मालकांसाठी अर्धा घोट वाइन. मी पावाला शेंगदाण्याची चटणी लावते. थोरल्यानं एकदा चाखली होती, त्यानंतर डबी त्याच्यापासून लपवावी लागते.

इथे बागेत सगळे एकमेकांना 'त्यू' म्हणतात, म्हणजे अरेतुरे. अप्पांच्या वयाच्या मालकांना तू म्हणताना माझी जीभ अजून अडखळते. मेमेला मात्र मी 'व्हू' म्हणते, अहोजाहो. तिनं कधी नको म्हटलेलं नाही.

९.५०

भिंत. कोकणात हिला गडगा म्हणाले असते. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. अशा भिंतींवरच हा डोंगर टप्प्याटप्प्यानं तोलून धरलाय. रात्रीच्या पावसानं सातव्या टप्प्याखालचा दोन मीटरचा भाग बसलाय. बसलाय म्हणजे अचानक नव्हे. तिला पोट सुटलंय हे मालक डिसेंबरपासून सांगत होते. मागच्या मातीत पाणी साठलं की भिंत आधी फुगते, मग एके रात्री सोडून देते.

आधी सगळं उपसायचं. मोठे दगड एकीकडे, मधले दुसरीकडे, खडी तिसरीकडे, माती वरच्या अंगाला. याला जवळजवळ तास जातो आणि एवढ्या वेळात काहीच उभं राहिलेलं दिसत नाही. हा दगड शिस्ट. पाटीसारखा थरांत फुटतो आणि त्यात अभ्रक असतं, हातमोज्यांवर चांदीचा वर्ख लागल्यासारखं होतं. मग पायाचे दगड, किंचित मागे झुकलेले. दगडाची लांब बाजू डोंगरात घुसवायची. दर्शनी बाजूला लांबट दगड आडवा लावला की भिंत देखणी दिसते आणि दोन पावसाळ्यांत पडते. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, एक दगड दोघांवर बसला पाहिजे. मागे खडी ठासून भरायची, कारण पाणी अडवायचं नाही, वाट द्यायची. सिमेंटची भिंत पाणी अडवते आणि म्हणून तीच आधी कोसळते, असं थोरला सांगतो.

एक दगड काही केल्या बसेना. मी तो चार बाजूंनी फिरवून पाहिला आणि शेवटी बाजूला टाकला. मालकांनी वर न बघता तोच उचलला, पालथा केला, ठेवला. बसला. "एकदा उचललेला दगड खाली ठेवायचा नाही," ते म्हणाले, आणि पुढच्या दगडाला हात घातला. आधी नीट बघ आणि मग उचल, असा त्याचा अर्थ. पाठीनं तो लगेच समजून घेतला.

२०१८ साली युनेस्कोनं ही कोरड्या दगडी भिंतींची कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, फ्रान्ससह आठ देशांची म्हणून. मालकांना हे सांगितलं तर म्हणाले, मग त्यांच्यातल्या दोघांना सोमवारी पाठव.

१२.३०

जेवण, आणि घरी फोन. तिकडे संध्याकाळचे पाच. आमच्याकडे ऐन तोडणी सुरू आहे आणि निफाडला आभाळ आलंय.

"दादा, गारा नाही ना?"

"नाही अजून. पण चार थेंब पडले तरी व्यापारी उद्या भाव पाडणार."

पाऊस झाला की मणी तडकतात, आणि तडकलेल्या मण्याला बेदाणा करणाराही विचारत नाही. अप्पा फोन घेतात. त्यांचा प्रश्न ठरलेला: "बोर्डो मारलं का तिथं?" अप्पांनी आयुष्यभर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मारलं. बोर्डो हे एका शहराचं नाव आहे, आणि १८८५ च्या सुमाराला तिथल्या मिलार्दे नावाच्या प्राध्यापकानं हे मिश्रण केवड्यावर चालतं हे दाखवून दिलं, हे मी त्यांना इथूनच सांगितलं. मालकांना अनुवाद करून सांगते. ते हसतात. बोर्दोहून काहीतरी चांगलं निघालं म्हणायचं, असं पुटपुटतात. ऱ्होनकाठचा माणूस बोर्दोबद्दल यापेक्षा गोड बोलत नाही.

एकरी उत्पन्न किती, हेही अप्पा दरवेळी विचारतात. इथे कायद्यानंच हेक्टरी ४० हेक्टोलिटर वाइनची मर्यादा आहे, म्हणजे एकरी सव्वादोन टन द्राक्षं धरा. आमच्याकडे खायच्या द्राक्षाचे दहा टन निघतात. पलीकडे थोडी शांतता. मग अप्पा म्हणतात, "भाव सांग."

२.००

माती वर न्यायची. पावसानं वाहून आलेली माती प्रत्येक टप्प्याच्या खालच्या टोकाला भिंतीशी साठते आणि वरच्या झाडांची मुळं उघडी पडतात. म्हणून खालची माती पाठीवरच्या टोपलीत भरून वर. तिथे ओतायची आणि परत खाली. पंचवीस खेपा मोजल्या, पुढे मोजणं सोडलं. घराच्या दाराशी एक पत्र्याची बादली असते, तीही मालक गाडीत घालून आणतात आणि सगळ्यात आधी रिकामी करतात. त्यात काय असतं ते मला आठवडाभर कळलं नव्हतं.

असं काम करायला माणसं लागतात, आणि इथली माणसं १९१४ ते १९१८ मध्ये गेली. गावच्या स्मारकावर नावं आहेत. उरलेल्यांना खालच्या सपाटीवरची भाजी आणि जर्दाळू परवडू लागले, खोऱ्यातल्या कारखान्यांत महिन्याला पगार मिळू लागला. कोत-रोतीला १९४० मध्ये अधिकृत दर्जा मिळाला, तरी १९६०-७० च्या सुमाराला इथे जेमतेम ६०-७० हेक्टर बाग उरली होती. भिंती पडल्या, वर झुडपं माजली. मेमेचा नवरा तेव्हा जर्दाळूच्या पैशावर डोंगर सांभाळत होता. लोक त्याला वेडा म्हणत, हे ती अभिमानानं सांगते. मग गिगाल घराण्यानं एकेका तुकड्याची वेगळी वाइन बाटलीत भरली, ला मूलीन १९६६ पासून, ला लांदोन १९७८ पासून, आणि जग वळून बघायला लागलं. आज ३०० हेक्टरांच्या वर बाग आहे. शेजारच्या तुकड्याचा भाव ऐकला तर अप्पांना घेरी येईल, म्हणून त्यांना तो सांगितलेला नाही.

४.१५

तळघर. इथे पाय सपाट जमिनीवर टेकतात, हेच मोठं सुख. पिंपातली वाइन लाकडातून थोडी थोडी उडते. रिकामी जागा राहिली की हवा शिरते आणि हवेनं ती बिघडते. म्हणून दर आठवड्याला पिंपं काठोकाठ भरायची. मी झारी धरते, थोरला दिवा धरतो.

द्राक्ष सिरा. नाशिककडे याच जातीला शिराझ म्हणतात आणि ती इराणातून आली अशी गोष्ट सांगतात. डीएनए तपासल्यावर आईबाप याच भागातले निघाले, मोंदूझ ब्लांश आणि दुरेझा. यात पांढरं व्हियोन्ये २० टक्क्यांपर्यंत घालायची मुभा आहे, पण दोन्ही एकत्रच आंबवावी लागतात. या घरी चारच टक्के. मालक काचेच्या नळीनं थेंबभर काढून देतात. आधी मिरी येते. खरोखर काळी मिरी, कारण मिऱ्यात असणारं रोटंडोन हेच द्रव्य या द्राक्षाच्या सालीत असतं. मग ऑलिव्ह, मग धुरकट काहीतरी. मी थुंकते. मालक थुंकत नाहीत.

पाहुणे आले की त्यांना कोत ब्र्यून आणि कोत ब्लोंदची गोष्ट हवी असते: एका सरदारानं सोनेरी केसांच्या आणि काळ्या केसांच्या दोन मुलींना एकेक उतार वाटून दिला. मला ही गोष्ट कंटाळवाणी वाटते. एका उतारात लोह जास्त म्हणून माती काळपट, दुसरीकडे फिकट, एवढं पुरेसं आहे. पण बाटली गोष्टीवर विकली जाते, म्हणून मीही आता ती हावभावांसकट सांगते.

६.००

मालकीणबाईंचं ऑफिस म्हणजे जिन्याखालचं टेबल. किती लिटर आली, किती गेली, किती उरली, याचा हिशेब दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत सीमाशुल्क खात्याकडे जातो. डोंगरापेक्षा हे काम जास्त दमवतं, असं त्यांचं मत आहे.

७.४५

पाऊस पुन्हा सुरू झालाय. मालक बुटांत पाय घालून दारापर्यंत जातात, कान देऊन ऐकतात आणि परत येतात. ताजी भिंत आज रात्री पहिल्यांदा भिजणार.

सूप वाढायच्या आधी मेमे माझ्या बुटांकडे बोट दाखवते. मी दारात बसते, तळव्याच्या खाचांतली माती काडीनं खरवडते आणि बूट बादलीच्या काठावर आपटते. अभ्रकाचे कण दिव्यात चमकतात. मेमे वाकून बघते. डाव्या टाचेत अजून थोडी राहिलीय.