'रिले' : एक शब्द आणि एक यंत्रावयव

यंत्राबरोबर त्याचे नावही परभाषेतून येते, आणि ते नाव नीट उलगडले तर यंत्राचे मर्मही पुष्कळदा उलगडते. मोटारगाडीच्या विद्युत्‌व्यवस्थेतील 'रिले' हे याचे चांगले उदाहरण होय. मराठीत त्यासाठी 'अभिचालित्र' असा परिभाषिक शब्द योजला गेला आहे. परंतु वणी, पांढरकवडा किंवा यवतमाळ येथील कारागिराच्या तोंडी 'रिले' हाच शब्द आहे.

या शब्दाचे मूळ फ्रेंच असून, दमलेल्या घोड्यांच्या वा शिकारी कुत्र्यांच्या जागी वाटेत सज्ज ठेवलेली ताजी जनावरे असा त्याचा जुना अर्थ. टप्प्याटप्प्यावर माणसे वा घोडे बदलून निरोप पुढे नेण्याची हीच व्यवस्था मराठीत 'डाक' या शब्दाने ओळखली जाई. जोसेफ हेन्री याने 1835 च्या सुमारास दाखविलेले तत्त्व तारायंत्रात उपयोगी पडले, ते याच कल्पनेने. लांबच्या तारेत क्षीण झालेला प्रवाह विद्युत्‌चुंबकाकडून एक कळ ओढवून घेई आणि पुढच्या टप्प्यावर दुसऱ्या बॅटरीचा ताजा प्रवाह तोच संदेश पुढे नेई. घोडा बदलला, निरोप तोच राहिला.

मोटारीत मात्र बॅटरी एकच असते. तेथे टप्प्याची कल्पना मावळून 'लहानाने मोठ्यास आज्ञा द्यावी' एवढाच अर्थ शिल्लक राहिला आहे. अर्थसंकोचाचा हा प्रकार भाषेच्या अभ्यासकास परिचित आहे. पण या आज्ञेची गरज का पडावी?

वेचणीच्या हंगामात रात्री कापूस वाहणाऱ्या ट्रॅक्टरला प्रत्येकी 100 वॅटचे दोन जादा दिवे जोडले आहेत असे समजू. 12 व्होल्टच्या बॅटरीवर त्यांना सुमारे 16.7 अँपिअर प्रवाह लागेल. बॅटरीपासून चालकासमोरील खटक्यापर्यंत व तेथून दिव्यापर्यंत 1.5 चौरस मिलिमीटर छेदाची 5 मीटर तार नेली, तर तिचा रोध सुमारे 0.06 ओहम भरतो. म्हणजे 1 व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो आणि तारेत सुमारे 17 वॅट उष्णता निर्माण होते. तंतूच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टतेच्या साधारण 3.4 व्या घाताने बदलत असल्याने 1 व्होल्टच्या घटीने जवळजवळ चतुर्थांश प्रकाश नाहीसा होतो. शिवाय खटक्याची टोके ठिणग्यांनी जळतात. कापसाने भरलेल्या वाहनात तापलेली तार किंवा ठिणगी म्हणजे काय, हे या जिल्ह्यात सांगावयास नको.

रिलेने हा प्रश्न मुळातूनच सुटतो. खटक्यातून फक्त रिलेच्या वेटोळ्याचा प्रवाह जातो. तो सुमारे 0.15 अँपिअर, म्हणजे दिव्यांच्या प्रवाहाच्या शतांशाहूनही कमी असतो. त्याने निर्माण झालेले चुंबकत्व आतील पट्टी ओढते आणि मोठा प्रवाह बॅटरीकडून आखूड, जाड तारेने थेट दिव्यांकडे जातो. रिलेवरील अंक जर्मन मानकातून आले आहेत : 85 व 86 ही वेटोळ्याची टोके, 30 बॅटरीचे, 87 दिव्याचे. हे अंकच येथील व्याकरण होत. त्यांचा क्रम चुकला की वाक्य बिघडलेच.

जोडणीत तीन गोष्टी अवश्य पाळाव्यात. पहिली, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज असावा; येथे 25 अँपिअरचा फ्यूज व 4 चौरस मिलिमीटरची तार योग्य ठरेल. फ्यूज दिव्याचे नव्हे, तारेचे रक्षण करतो, हे विसरू नये. दुसरी, 24 व्होल्टच्या मालमोटारीस 24 व्होल्टचाच रिले लावावा. 12 व्होल्टचे वेटोळे तेथे जळून जाते. तिसरी, परतीची वाट, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील 'अर्थ', गंज व रंग खरवडून स्वच्छ धातूवर घट्ट बसवावी. कारागीर जेव्हा 'अर्थ लागत नाही' म्हणतो, तेव्हा तो इंग्रजी शब्द वापरीत असतो. तरी मराठी कानास त्याचे वाक्य चपखलच वाटते.

एलईडी दिव्यांना प्रवाह पुष्कळ कमी लागतो, म्हणून दिव्यांपुरती रिलेची निकड आता घटली आहे. तथापि हॉर्न, थंडाव्याचा पंखा आणि शेकडो अँपिअर ओढणारा स्टार्टर यांना तो अद्याप अपरिहार्य आहे. स्टार्टरवरील सोलेनॉइड हे रिलेचेच थोरले रूप होय. जुन्या डायनॅमोच्या गाड्यांतील 'कटआउट' हाही रिलेच. तो डायनॅमोची व्होल्टता पुरेशी झाल्यावरच त्यास बॅटरीशी जोडी.

तेव्हा खटक्याचे काम ओझे वाहण्याचे नव्हे, निरोप देण्याचे आहे. ज्या खटक्यावर ओझेही लादले जाते, तो आज ना उद्या जळतो.